प्रभूच्या पोळीचे गहू

आमच्या घरी गहू दळले जायचे ते दोनच कामांसाठी. एक नाताळ, अन् दुसरं प्रभुभोजन. बाकी सारं वर्ष ज्वारीच. त्यामुळं सुपात गहू दिसले की लेकरांनासुद्धा कळायचं, पाळकसाहेब येणार म्हणून. ते आमचे पाद्री, पण काही दर ऐतवारी येत नसत. यवतमाळकडून बसनं नेर, नेरवरून दुसरी बस, अन् फाट्यावर उतरून पायी आमचं गाव. तीनेक महिन्यांतून एकदा यायचे, शनिवारी संध्याकाळी. ते आले तरच प्रभुभोजनाची भाकर मोडली जायची, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एकेक तुकडा घ्यायचा. एरवी ऐतवारची उपासना माझे सासरेच चालवत. ते मंडळीचे, म्हणजे गावातल्या ख्रिस्ती घरांचे, वडील होते. प्रार्थना, गायन, वाचन सगळं करत, पण प्रभुभोजनाला ते हात लावत नसत. तो हक्क पाळकाचाच, हे आमच्याकडं पक्कं होतं.

मी या घरात आले छप्पन सालच्या हिवाळ्यात. माहेर केळापूरकडचं. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. भावाच्या पाटीवरून बाराखडी उचलली अन् गायनाच्या वहीवरून वाचायला शिकले. सासरी मात्र माझ्या वाचण्याचं मोठं कौतुक झालं, कारण सासूबाईंना अक्षर येत नव्हतं. पहाटे त्या गुडघे टेकून बसायच्या, अन् त्यांचं झालं की बायबल पुढं करून मला म्हणायच्या, "वाच व पोरी, हळू वाच, मले मनात ठेवू दे." मी त्यांना आत्याबाई म्हणायची.

आत्याबाईंची थोरली जाऊ समोरच्याच घरात राहायची. तिला सारं गाव मोठी माय म्हणायचं, म्हणून मीही म्हणायला लागले. ती विधवा, उंच, आवाज खणखणीत. प्रार्थनाघरात तिनं गाणं धरलं की आमची सहा-सात घरांची मंडळी साठ घरांची वाटायची. प्रार्थनाघर तरी काय, मातीच्या भिंती अन् वर कवेलू. खाली सतरंज्या. एकीकडं पुरुष, एकीकडं बाया. मागच्या भिंतीजवळ, चपला काढायच्या तिथं, ज्यांचा बाप्तिस्मा व्हायचा आहे ते बसत, अन् ज्यांना त्या दिवशी भाकर घ्यायची नाही तेही.

या भाकरीची एक रीत होती. मंडळीत आपण भाकर म्हणतो, पण ती असायची गव्हाची पोळी, बिनमिठाची, बिनतेलाची. तिचे गहू या दोघी जावाच दळायच्या, मोठ्या मायच्या जात्यावर. समोरासमोर बसायचं, एकाच खुंट्याला दोघींचे हात. दळताना घरचं-दारचं बोलायचं नाही, गायनच म्हणायचं, तेही ओवीच्या चालीवर. पहिली ओळ मोठी माय म्हणायची, दुसरी आत्याबाई. पीठ झालं की पोळी मात्र मोठी माय एकटीच करायची. मी नवी नवरी असताना दाराशी बसून हे पाहिलं, अन् मनात म्हटलं, देवा, मलाही या घरात असंच म्हातारं होऊ दे.

ते पाहणं मला फार दिवस मिळालं नाही.

पुढच्याच वर्षी, पाळकसाहेब यायच्या आदल्या दिवशी मोठी माय तापानं पडली. पीठ झालेलं होतं. तिनंच निरोप दिला, "या बारीस तू कर पोळी." आत्याबाईंनी केली. ऐतवारी भाकर मोडली गेली, सगळ्यांनी घेतली. मोठी मायसुद्धा चादर पांघरून येऊन बसली होती. दुपारी पाळकसाहेब आमच्या घरी जेवायला. साधा, हसतमुख माणूस. जेवता जेवता म्हणाले, "आज भाकर छान मऊ होती हो. दर वेळेस दातांची परीक्षा असते."

सगळे हसले. मोठी माय पलीकडं भिंतीला टेकून बसली होती. ती हसली नाही. पाळकसाहेब गेल्यावर ती उठली, अन् दारातून जाता जाता, कोणाकडं न पाहता बोलली, "तेल घातलं असंल. प्रभूच्या भाकरीलेही तेल लावते आजकालचे लोक."

आत्याबाईंच्या हातातलं भांडं हातातच राहिलं. बाहेरचं माणूस म्हणेल, एवढ्याशा बोलण्याचं काय घेऊन बसायचं? पण आमच्यात ती गोष्ट एवढीशी नव्हती. तेल घातलं म्हणजे प्रभूची भाकर बाटवली, तीही पाळकाच्या शाबासकीसाठी. त्या दिवशी आत्याबाई जेवल्या नाहीत.

पाळकसाहेब पुन्हा आले तेव्हा शनिवारी संध्याकाळी नेहमीप्रमाणे तयारीची सभा झाली. या सभेत ते एकच विचारायचे: "कोणाच्या मनात कोणाबद्दल काही आहे काय? असेल तर आज मिटवा. मनात अढी ठेवून उद्या भाकरीला हात लावू नका." एरवी या वेळी लोक उठायचे, बांधावरून भांडलेले एकमेकांचे हात धरायचे, बाया गळ्यात पडायच्या. त्या दिवशी या दोघी खाली पाहत बसल्या. कोणीच उठली नाही.

अन् ऐतवारी काय झालं? आत्याबाई प्रार्थनाघरात गेल्या त्या थेट मागच्या भिंतीजवळ जाऊन बसल्या. थोड्या वेळानं मोठी माय आली. तिनं आत्याबाईंना पाहिलं, अन् तीही मागंच बसली, भिंतीच्या दुसऱ्या टोकाला. भाकर फिरली. दोघींनी घेतली नाही.

खोटं बोलून भाकर घेतली नाही, हे दोघींचं खरंच होतं. पण घात तिथंच झाला. बाहेर आल्यावर मंडळीतले लोक आपसात म्हणू लागले, "पाहा, देवाचं भय असावं तं असं." कोणी म्हणालं, "आपण तं खुशाल घेतो, ह्या बाया पाहा किती जपतात." हे आत्याबाईंच्या कानावर आलं, मोठ्या मायच्याही आलं असणार. भिंतीजवळ बसणं ही शिक्षा होती, ती हळूहळू मानाची जागा झाली. बाकी कशातही आत्याबाई मागं नव्हत्या. उपास, पहाटेची प्रार्थना, प्रार्थनाघर सारवणं, आजाऱ्याच्या घरी पहिल्यांदा जाणं. टिकून राहावं तर त्यांच्यासारखं. पण रुसव्यातही त्या तशाच टिकून राहिल्या, अन् हे दुसरं टिकणं पहिल्यासारखंच दिसतं, हे आमच्यापैकी कोणालाच कळलं नाही. पाळकसाहेबांनी दोन-तीनदा दोघींना वेगवेगळं समजावलं. दोघीही म्हणाल्या, "माह्या मनात काही नाही साहेब, तिनं यावं." सासऱ्यांनी एकदा आवाज चढवून पाहिला. आत्याबाई म्हणाल्या, "तुम्ही मंडळीचे वडील, मले भाकर घे म्हणून हुकूम करता काय?"

आता कोणी म्हणेल, इतकं वैर होतं तर एकमेकींचं तोंड पाहत नसतील. तसंही नव्हतं, म्हणून तर जीव जास्त तुटतो. आत्याबाईंचा हात मोडला तेव्हा रोज सकाळी आमच्या उंबऱ्यावर ज्वारीचं पीठ यायचं, वर फडकं झाकून. कोणी ठेवलं, विचारायची गरज नव्हती. मोठ्या मायची गाय विताना अडली तेव्हा आत्याबाई अंगणात उभ्या राहून तिच्या पोराला सगळं सांगत होत्या. गायीशी बोलल्या, पोराशी बोलल्या, तिच्याशी नाही.

कापूस वेचायला तर आम्ही तिघी एकाच वावरात. मधल्या तासात, कपाशीच्या ओळीत, मी, दोन्ही बाजूंना या दोघी.

"सांग तुह्या सासूले, बोंडं अर्धी झाडालेच ठेवून राह्यली ते."

"सांग तिले, माहे डोळे अजून गेले नाही."

"सांग, डोळे नाही गेले तं मागं वळून पाह्य म्हणा."

मी कोणाला काहीच सांगत नव्हते. दोघींना ऐकूच यायचं. मी ओटीतला कापूस दाबत गप हसायची. आज ते हसणं आठवलं की माझंच मला नको वाटतं, पण तेव्हा खरंच हसू यायचं.

एकदा मी डोकं चालवलं. आत्याबाईंना म्हटलं, "मोठी माय काल तुमची फार आठवण काढत होती. म्हणे, माह्या बहिणीवाणी जाऊ आहे."

आत्याबाईंनी माझ्याकडं वरून खाली पाहिलं. "ते असं बोलतच नाही. तिच्या तोंडात साखर जलमापासून नाही. खोटं बोलायचं तं नीट बोल व."

विहिरीवर शेजारच्या वस्तीतली एक बाई यायची. आमच्या लग्नाच्याच साली त्यांच्या घरांनी बुद्धाचा धर्म घेतला होता, अन् तिला नव्यानं सगळं समजून घ्यायची हौस. तिनं एक दिवस मला सरळ विचारलं, "काव, तुमच्यात माफीची गोष्ट लय मोठी म्हणतेत ना? मंग ह्या दोघी काहून तोंडं फिरवून राह्यल्या?"

मी म्हटलं, "भांडण नाही ते, बाई. मनात काही असलं तं आमच्यात भाकर घेत नाही."

ती म्हणाली, "म्हणजे भूक सांभाळून ठेवता, अन् राग सोडत नाही?" तिनं घागर उचलली अन् गेली. टोमणा नव्हता तो. तिला खरंच कळलं नव्हतं.

पण सगळ्यात मोठं नुकसान आमच्याच घरात झालं. माझे धाकटे दीर, आत्याबाईंचं शेंडेफळ. मी लग्न होऊन आले तेव्हा पोरगंच होतं ते. डोळ्यांदेखत मिसरूड फुटली, अन् बाप्तिस्म्यानंतर भाकर घ्यायची त्याची पहिली वेळ आली. सकाळी अंघोळ करून, तेल लावून, नवा सदरा घालून अंगणात उभं राहिलं. मग आईला विचारलं, "माय, तू घेशील ना आज? माह्यासोबत?"

आत्याबाई म्हणाल्या, "तू घे बेटा. माहं नाही जमत."

दीर म्हणाले, "तू रोज पहाटे गुडघे टेकते. तुले जर तिथं जागा नाही, तं मले कोण देते?" सदरा काढून खुंटीला टांगला अन् बैल घेऊन निघून गेले. आम्हाला वाटलं, पोराचा राग आहे, उतरेल. पुढच्या ऐतवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. पुढं लग्न झालं, वेगळं घर झालं, स्वभावानं गोड, कोणाच्याही अडीअडचणीला धावून जाणारे. पण प्रार्थनाघराचा उंबरा त्यांनी ओलांडला नाही. आत्याबाई त्या दिवसापासून खचल्या. पहाटे त्या गुडघे टेकायच्या तेव्हा आता आवाज यायचा नाही, नुसता श्वास यायचा. तरी समोरच्या दारात जाणं काही झालं नाही. आपल्या चुकीची किंमत कळली की माणूस लगेच वळतं असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. कधी कधी किंमत जास्त झाली म्हणूनच वळवत नाही.

असे दिवस गेले. पासष्ट साल उलटून गेलं होतं. मग एक दिवस बातमी आली की मोठ्या मायच्या पोराला नागपूरला मिलमध्ये काम लागलं, अन् तो आईला घेऊन चालला. मंगळवारी त्याला हजर व्हायचं होतं, सोमवारी सकाळच्या बसनं निघायचं. त्याच ऐतवारी पाळकसाहेब येणार होते.

शनिवारी दुपारी आत्याबाईंनी गहू काढले. या सगळ्या वर्षांत प्रभूची पोळी दुसऱ्याच घरच्या बाया करत होत्या, अन् यांच्या गव्हाला कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी गहू निवडले, पाखडले, आमच्या जात्याशी बसल्या. खुंट्याला हात घातला, अन् तशाच बसून राहिल्या. मी समोर बसायला गेले तर म्हणाल्या, "तू नाही."

मग सूप कमरेवर घेऊन त्या उठल्या. अंगण ओलांडून गेल्या. मी मागोमाग.

मोठी माय दारात बसली होती. आत बोचकी बांधलेली. तिनं सुपाकडं पाहिलं.

"काय व?"

"गहू आणले."

"कायले?"

"दळायले."

"तुह्या घरी जातं नाही काय?"

"जातं आहे. दुसरी बाई नाही."

मोठी माय आत सरकली. जातं तिथंच होतं, ते काही नागपूरला जाणार नव्हतं. दोघी समोरासमोर बसल्या, खुंट्याला दोघींचे हात लागले. मोठ्या मायनं पहिली ओळ धरली. आवाज फाटका झाला होता. दुसरी ओळ आत्याबाईंना म्हणताच येईना, तर तीही मोठ्या मायनंच म्हटली. दळताना बोलायचं नाही ही रीत तिनंच मोडली. खुंटा फिरवता फिरवता म्हणाली, "मऊ झालती त्या दिवशी. चांगली झालती."

आत्याबाई म्हणाल्या, "कोमट पाण्यात भिजवली होती."

"मले मालूम होतं."

"मालूम होतं, तं सांगितलं काहून नाही?"

"तू विचारलं काहून नाही?"

बस्स. याउपर काही बोलणं झालं नाही. माफी कोणी मागितली नाही, दिलीही नाही. पीठ तेवढं झालं. मोठ्या मायनं ते फडक्यात बांधून आत्याबाईंच्या हातात दिलं, "पोळी तूच कर. कोमट पाण्यातच भिजव."

मी पळत घरी येऊन सासऱ्यांना सांगितलं. ते तसेच दीरांच्या घरी निघाले, "उद्या तुझी माय भाकर घेणार आहे" म्हणून सांगायला. दीर म्हणाले, "येतो. उद्या येतो." परत येऊन हे सांगताना माझ्या सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी मी पहिल्यांदा पाहिलं.

संध्याकाळच्या बसला सासरे फाट्यावर गेले. बस आली. पाळकसाहेब उतरले नाहीत. कंडक्टरनं निरोप दिला, साहेबांना ताप आहे, पुढच्या महिन्यात येतील.

ऐतवारी दोघी जावा पुढच्या सतरंजीवर शेजारी शेजारी बसल्या. पोळी करून, फडक्यात गुंडाळून समोर ठेवलेली. दीर दारात उभे होते, आत आले नव्हते. मंडळीतल्या एकानं सासऱ्यांना विनवलं, "वडील, आजच्या दिवस तुम्हीच मोडा. मोठी माय उद्या जाते." सासरे पोळीकडं पाहत राहिले. मग मान हलवली. "मले हक्क नाही." गायन झालं, प्रार्थना झाली, उपासना संपली. मी मागं वळून पाहिलं तेव्हा दारात कोणी नव्हतं.

सासरे चुकले काय? मी कित्येकदा विचार केला. त्यांनी रीत पाळली. आमच्या घरात सगळ्यांनी रीतच पाळली होती, पहिल्यापासून.

सोमवारी सकाळी आम्ही फाट्यावर गेलो. बस दिसायला लागली तेव्हा आत्याबाईंनी फडकं उघडलं अन् ती पोळी पुढं केली.

मोठी माय म्हणाली, "काव, प्रभूची भाकर देते काय मले?"

"नाही व. पाळक आले नाही, तं साधीच राह्यली. बसमध्ये भूक लागंल."

"मंग तू मोड."

आत्याबाईंनी मोडली. अर्धी तिला दिली. मोठ्या मायनं तिथंच उभ्या उभ्या एक घास घेतला, चावला, अन् म्हणाली, "तेल तं नाही ना घातलं?"

आत्याबाई हसायला लागल्या. हसता हसता पदर तोंडाशी गेला, अन् मग ते हसू राहिलं नाही. मोठी माय बसमध्ये चढली, खिडकीतून अर्धी पोळी हलवून दाखवली. कंडक्टरनं घंटी ओढली.

नागपुरात ती वर्षभरही राहिली नाही. नाताळाच्या आधीच वारली. तिकडच्या मोठ्या ख्रिस्ती देवळात तिनं भाकर घेतली की नाही, आम्हाला कधी कळलं नाही. आत्याबाईंनी तिच्या पोराला विचारलं तर म्हणाला, "मिलच्या पाळीमुळं माझं जाणं होत नव्हतं, काकी. ती शेजारणीसोबत जायची. घेतली असंल." तेवढ्यावरच राहिलं.

पाळकसाहेब पुढच्या महिन्यात आले. तयारीच्या सभेत त्यांनी नेहमीचं विचारलं. आत्याबाई उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "जिच्याशी बोलायचं होतं तिच्याशी बोलून झालं, साहेब. पण लय उशीर झाला. त्या उशिराचं मी काय करू?"

पाळकसाहेब म्हणाले, "बाई, ते घेऊनच या उद्या." ऐतवारी आत्याबाई पुढं बसल्या. त्यांनी भाकर घेतली. शेजारची जागा कोणी घेतली नाही.

त्यानंतर त्यांचा एक नवाच नेम सुरू झाला. पाळकसाहेब यायचे असले की शनिवारी गहू दळून झाल्यावर, हातावरचं पीठ तसंच ठेवून, त्या धाकट्या लेकाच्या दारी जायच्या.

"उद्या येजो रे बेटा. मी घेणार आहे. माह्यासोबत घे."

दीर चहा द्यायचे, बसायला पाट द्यायचे. हसून म्हणायचे, "पाहू, माय."

ऐतवारी ते यायचे नाहीत. पुढच्या खेपेला त्या पुन्हा जायच्या. पाय सुजले तेव्हा माझ्या खांद्याला धरून गेल्या. रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत, टोचून बोलल्या नाहीत. ज्या चिवटपणानं त्या भिंतीजवळ बसल्या होत्या, तोच चिवटपणा, पण आता त्याचं तोंड माणसाकडं होतं. मला तर त्यांचं खरं मोठं होणं तिथंच दिसलं. फक्त ज्याच्यासाठी होतं, त्याला ते लहानपणी दिसायला हवं होतं.

त्यांच्यामागं गहू दळायचं माझ्याकडं आलं. समोर माझी सून बसायला लागली. पोळी मी कोमट पाण्यातच भिजवते. अन् हातावरचं पीठ तसंच ठेवून मीही दीरांच्या दारी जात राहिले, तेही म्हातारे झाले तोवर.

"उद्या येजा भाऊजी."

"पाहू, वहिनी," ते म्हणायचे, अन् माझ्यासाठी पाट सरकवायचे.